दस्तीखालचे शब्द

ज्वारी काढायला आली की मला इंग्रजी आठवतं. हसू नका, खरंच आठवतं. लोकांना सुगीत हुरडा आठवतो, मामाचं शेत आठवतं. मला मात्र पाटोद्याहून गावाकडं येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना उपटून आडवी पाडलेली ज्वारी दिसली आणि कडब्याचा तो कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत आला, की ओठांवर भलतेच शब्द येतात. रिलक्टंट. सोलेस. डेसोलेट. यंदाही आले. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय पुटपुटताय ओ मॅडम, जप करता का?" मी म्हटलं, "तसंच समजा." त्यांनी लगेच पाय आवरून घेतले आणि मला नीट जागा दिली.

मी आता बीडला इंग्रजी शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, अवघड शब्द ध्यानात कसे ठेवायचे, एखादं ॲप सांगा ना. मी सांगते, एक कादंबरी घ्या, जाडजूड, आणि ती संपवा. त्यांची तोंडं कारलं खाल्ल्यागत होतात. मी स्वतः ती कशी वाचली हे मात्र वर्गात सांगत नाही. सांगायला लागले तर तास बुडेल, आणि डोळ्यांना पाणीही येईल. पोरांपुढं रडणारी बाई मला व्हायचं नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलबाजारातले दलाल होते. आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा चहावाला कप भरायला घ्यायचा. "या पाटील, बगा तर खरं! चार दाती हाय, जूला सरळ हाय, पोरानं धरलं तरी मान हलवायचा न्हाई!" बैल गरीब गाय असला तरी अण्णा त्याचा वाघ करून दाखवायचे. पण ही सगळी बडबड वरवरची. खरा सौदा मुक्यानं व्हायचा. खांद्यावरची पांढरी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, अण्णा स्वतःच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर टाकायचे आणि तिच्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पेर दाबलं की अर्धा. भोवती गर्दी उभी, पण आतला भाव त्या दोघांपलीकडं कुणाला कळायचा नाही. तिथं हात काढून घेतला की सौदा मोडला. मग वाद नाही, विनवण्या नाहीत, दुसरा बैल बघायचा. आणि आत जे झालं ते बाहेर सांगायचं नाही, हा धर्म. मी लहानपणी लई मागं लागायचे, "अण्णा, सांगा ना, कितीला सुटला?" ते म्हणायचे, "दस्तीला इचार."

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. संक्रांतीनंतरच्या बाजारात एका खोंडाचे दात बघता बघता अण्णा खाली बसले, आणि बसले ते उठता येईना. त्यांचे धाकटे भाऊ, माझे बापूकाका, शेजारीच होते. त्यांनी जीपमध्ये घालून बीडला नेलं म्हणून अण्णा वाचले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी काकांवर लई चिडणार आहे.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. सगळी नाही, एक शब्द उरला. "बरं." भूक लागली का? बरं. पाय दुखतो का? बरं. डोळ्यातून पाणी काढत काढतसुद्धा बरं. रागानं चहाची बशी भिरकावली तेव्हाही तोंडातून बाहेर पडलं ते बरंच. एवढ्या मोठ्या बोलक्या माणसाच्या पदरात देवानं एकच शब्द ठेवावा, आणि तोही असला मवाळ! मला त्या शब्दाचा राग यायला लागला होता.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना ऐकू येतं, कळतंही बरंचसं. बोलणं परत येईल, न येईल. तुम्ही मात्र बोलत राहा. घर गप्प ठेवू नका." आता घरात बोलायला होतं कोण? सुगी तोंडावर आली होती. आई आणि काकू उजाडायच्या आत रानात जायच्या, कारण ज्वारी उपटायला माणूस मिळत नव्हतं. ओसरीवर बाजेवर अण्णा आणि बाजेजवळ मी. बोलून बोलून काय बोलणार? आज ऊन लई हाय. बरं. शेळीनं शेवगा खाल्ला. बरं. संपलं.

माझ्याजवळ कॉलेजातून आणलेली एक कादंबरी होती. मला एमएला हैदराबादला जायचं होतं आणि त्याची प्रवेश परीक्षा सुगी संपता संपता होती. तिच्यात म्हणे असे शब्द विचारतात की भल्याभल्यांची फे फे उडते. आमच्या मॅडम म्हणाल्या, "याद्या पाठ करू नकोस, दीपाली. पाठ केलेले शब्द पाहुण्यागत येतात आणि जातात. ही कादंबरी वाच. आणि नवा शब्द दिसला की लगेच डिक्शनरीवर झडप घालू नको. तीनदा भेटू दे. तोवर तोच तुला जरा जरा सांगेल." मला तेव्हा ते खूळच वाटलं. आता मी माझ्या पोरांना तेच सांगते आणि त्यांनाही ते खूळच वाटतं.

मग मी ती कादंबरी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. डॉक्टरांचंही ऐकलं, मॅडमचंही ऐकलं. समुद्राकाठचं एक थंडगार गाव, तिथं दोन बहिणी, त्यांचं विकायला काढलेलं घर, आणि पानोपानी धुकं. आमच्या वस्तीवर तेव्हा टँकर यायला लागला होता, आणि मी अण्णांना लाटा वाचून दाखवत होते. गल्लीत बातमी झाली. पलीकडच्या आत्याबाई कुडावरून डोकावून आईला म्हणाल्या, "दीपी बापाला इंग्रजीत मंतर घालतीया व्हय गं? गुण येतोय का?" आईनं सरळ सांगितलं, "येतोय थोडा थोडा." आई अशा वेळी लई मजेशीर असायची.

गुण कसा आला ते सांगते. माश्या बसू नयेत म्हणून अण्णांच्या चांगल्या, डाव्या हातावर मी त्यांचीच दस्ती टाकून ठेवायची. एका दुपारी वाचता वाचता सोलेस हा शब्द तिसऱ्यांदा आला. मी डिक्शनरी बघितली आणि सवयीनं अण्णांना मराठीत सांगितलं, "सोलेस म्हणजे अण्णा, दुःखात मिळणारा दिलासा. दुःख जात न्हाई, पण जरा टेकायला जागा मिळते, तसलं." बोलता बोलता दस्तीखाली हात घालून त्यांची बोटं मोकळी करत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. आणि अण्णांनी माझा पंजा धरला. चुकून नव्हे. दाबला, सोडला, परत दाबला. मी बघत राहिले. त्यांच्या डोळ्यात बाजारच्या दिवशीची ती चमक होती. अगं बाई! अण्णा भाव सांगत होते. सोलेसला पुरे पाच, आणि वर परत पाच.

मी रडले. हुंदके देऊन रडले. अण्णा म्हणाले, "बरं, बरं." त्या वेळचं ते बरं मला पहिल्यांदा गोड लागलं.

तिथून आमचा बाजारच भरायला लागला. शब्द तिसऱ्यांदा भेटला की मी त्याला दावणीला आणायची, अर्थ सांगायची, आणि अण्णा दस्तीखाली बोली लावायचे. उजव्या हाताची विद्या ते डाव्या हाताला शिकवत होते, मी माझ्या जिभेला परक्या मुलखाची बोली शिकवत होते. दोघांचंही चुकायचं. कधी त्यांची बोटं एकमेकांत अडकायची, कधी माझा उच्चार भलतीकडं जायचा, आणि माझा उच्चार चुकला हे त्यांना कसं कळायचं देव जाणे, पण ते भुवई वर करायचे. मॅग्निफिसंट नावाचा एक डौलदार शब्द मी मोठ्या तोऱ्यात आणला, तर त्याला अर्धं पेर. "कावून अण्णा? कसला भारी शब्द हाय!" अण्णांनी तोंड वाकडं केलं. झूल घालून आणलेल्या बैलाला ते असंच तोंड वाकडं करायचे.

ऑब्स्टिनेटचा अर्थ सांगताना आई दारात पाय धूत होती. "म्हणजे ऐकणार न्हाई ते न्हाईच, अडून बसणारा," मी म्हटलं. आई म्हणाली, "सरळ सांग ना, म्हणजे तुजा बाप." अण्णांनी दस्तीखाली माझं एकच बोट धरलं आणि आईकडं बघत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही.

रिलक्टंट समजावायला मला वेळ लागला. मनात नसताना केलेलं, पण जबरदस्ती नव्हे, मागं ओढ असताना टाकलेलं पाऊल. शेवटी म्हटलं, "अण्णा, तेलगावच्या माणसानं आपला पांढरा खोंड नेला, आठवतं? टेम्पोत चढताना मागं बघत होता, चढला तर खरा, पण मागं बघत होता. ते रिलक्टंट." अण्णांनी पंजा धरला तो सोडेचनात. तो खोंड त्यांनी घरी वाढवलेला होता, आणि विकून आल्यावर दोन घास जेवले नव्हते. मी आजवर कितीतरी डिक्शनऱ्या चाळल्या. त्या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला मिळालेला नाही.

आणि डेसोलेट. ज्वारी निघाल्यावरचं रान. कालपर्यंत माणूस बुडेल एवढं हिरवं-पिवळं उभं होतं, आज नुसती ढेकळं आणि त्यात चोच मारत हिंडणारे दोन कावळे. मी बोटानं समोरचं रान दाखवलं. अण्णांनी भाव केला नाही. त्यांची बोटं माझ्या हातात नुसती पडून राहिली. मीही तो शब्द पुढं रेटला नाही.

अशात बापूकाका स्थळ घेऊन आले. आष्टीकडचं घर, मुलाचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, माणसं साधी. काकांनी काही वाईट आणलं नव्हतं. सुगीभर ते आमचंही रान बघत होते, स्वतःचंही, आणि डोळे खोल गेले होते त्यांचे. मी म्हटलं, "काका, माझी परीक्षा हाय. मला हैदराबादला जायचंय. अण्णांनीच सांगितलं होतं, लागला नंबर तर जा म्हणून."

"परीक्षा पळून जाती का दीपे? तुजा बाप पळून चाललाय," काका म्हणाले. "उद्या परत झटका आला तर? त्याच्या डोळ्यादेखत तुजं झालं की तो सुखानं जाईल. मला दुसरं काय बी नगं."

माणूस खोटं बोलत असेल तर भांडता येतं.

काका बाजेवर अण्णांजवळ बसले. "अण्णा, पोरगा लई चांगला हाय. दीपीचं पक्कं करतो. करू ना?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. मान हलली, धड होकाराला नाही, धड नकाराला नाही. मानेवरही आता त्यांचा पुरता ताबा नव्हता. आणि तोंडातून आलं, "बरं! बरं! बरं!"

काकांनी त्यांचे पाय धरले. खरोखर धरले, डोळ्यात पाणी आणून. "माज्या भावानं हुकूम दिला," म्हणत ते बाहेर पडले आणि पाहुण्यांना फोन लावला. सुपारीचा दिवस ठरला. माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशीचा.

माझा संताप संताप झाला. मी साता समुद्रापलीकडचे शब्द गोळा करत बसले होते आणि माझ्या बापाजवळ एक साधं 'न्हाई' नव्हतं. ते मला त्यांच्यासाठी कुठल्या कादंबरीतून आणता येणार होतं? मी दस्तीखाली हात घातला आणि विचारलं, "अण्णा, तुमाला पायजे का हे?" त्यांनी हात काढून घेतला. परत विचारलं. परत काढून घेतला. मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, थांबली. "मला काय ठाव न्हाई व्हय?" ती म्हणाली. "त्यांना न्हाई म्हणता येत न्हाई गं. पण दस्तीखालचं कोण खरं धरणार? लोक म्हणतील, पोरीला करायचं न्हाई म्हणून बापाच्या हाताचं नाव सांगती." आईचं बरोबर होतं. म्हणूनच मला ते ऐकवेना.

त्या आठवड्यात मी कादंबरी उघडलीच नाही. अण्णा पुस्तकाकडं बोट करायचे, मी पाणी आणायची.

सुपारीच्या दिवशी ओसरीवर सतरंजी टाकली. अण्णांना धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर दस्ती. खुर्चीत उशा लावून बसवलं. पाहुणे आले, मुलाचे चुलते आणि आणखी दोघंतिघं म्हातारे. सगळे शेतकरी, जन्मभर बैल घेतलेले, विकलेले. मुलाचे चुलते हात जोडून म्हणाले, "अण्णा, तुमची परवानगी हाय ना?"

"बरं."

"झालं तर मग!" सगळे खुशीत हसले. काकूनं ताट पुढं केलं. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागला. लोकांना वाटलं, आजारपणाचा कंप असेल.

मी आतल्या दाराशी उभी होते, साडी नेसून, डोक्यावर पदर. अशा वेळी पोरीनं बोलायचं नसतं. मी बोलले. आवाज कुठून आला मला आजही माहीत नाही. म्हटलं, "काका, एकदा दस्तीखाली हात घाला."

"काय?"

"तुमी बाजारात त्यांच्याबरोबर होता. त्यांना बोलीत इचारा."

"येडी हायस का गं? पोरीच्या लग्नात दस्ती? ही काय बैलं हायेत?" काका कावरेबावरे झाले, पाहुण्यांकडं बघून हसले.

"त्यांच्याजवळ तेवढीच बोली राहिलीय काका," मी म्हटलं. "मी कायबी सांगत न्हाई. तुमीच इचारा. जे निघंल ते मला मान्य."

पाहुण्यांतले एक म्हातारे म्हणाले, "इचारा की बापूराव. त्यात काय जातंय?"

काकांनी अण्णांच्या खांद्यावरची दस्ती काढली. खुर्चीजवळ गुडघ्यावर बसले. दोघांच्या हातांवर ती टाकली आणि आत हात घातला. दस्ती हलली, मग थांबली. काकांनी मान वर करून अण्णांच्या तोंडाकडं बघितलं. परत खाली घातली. कितीतरी वेळ ते दोघं तसेच होते. मला वाटलं, संपलं, काकांना काही कळत नाहीये. त्यांच्या मानेच्या शिरा तेवढ्या दिसत होत्या मला.

आणि अण्णांनी हात काढून घेतला. दस्ती घसरून सतरंजीवर पडली.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या ओसरीवर असा एकही माणूस नव्हता ज्याला ते कळलं नाही. मुलाच्या चुलत्यांनी एकवार अण्णांकडं बघितलं, एकवार माझ्याकडं, आणि म्हणाले, "सौदा न्हाई. राग न्हाई. चला, च्या घेऊ." इतक्या सभ्यपणे नकार ऐकून घेणारी माणसं मला नंतर फार कमी भेटली. त्या माणसाचं भलं होवो.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला मला काकांनीच मोटारसायकलवर बीडला सोडलं. पेपरात रिलक्टंट आला होता. मी चार पर्यायांतून बरोबर तो निवडला आणि तिथंच बाकावर माझे डोळे भरले. सुपरवायझरला वाटलं, पेपर अवघड गेला.

मी हैदराबादला गेले. सुट्टीत आले की उरलेली कादंबरी वाचायची. अण्णांची वाचा आलीच नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुगीत, ज्वारी खळ्यावर असताना, ते गेले. बोलीला लावायचे कितीतरी शब्द माझ्याजवळ तसेच राहिले. लोक म्हणतात, सुटले बिचारे. म्हणोत. मला ते अजून हवे होते, मुके तर मुके.

यंदा सुट्टी काढून आले ती थेट रानात गेले. काका आता थकलेत, पण ज्वारी स्वतः उपटतात, ट्रॅक्टर-मशीन त्यांना पटत नाही. मीही शेजारची पात, म्हणजे ओळ, धरली. तळहाताला सवय राहिली नाही, लगेच फोड आले. पाणी प्यायला बांधावर बसलो तेव्हा मी विचारलं, इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते. "काका, त्या दिवशी अण्णा काय म्हणाले तुमाला?"

"दस्तीखालचं सांगत नसत्यात, दीपे."

"अण्णा गेले आता काका."

काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यानं भाव सांगितलाच न्हाई. बोट धरलं न्हाई, पेर न्हाई. नुसता पंजा उताणा केला. मी धरायला गेलो तर धरू देईना. परत उताणा. मला काय कळंना. मग कळलं."

"काय?"

"माज्या भावानं जन्मात कुणापुढं हात पसरला न्हाई गं. आमचा बाप मेला तवा न्हाई, दुष्काळात न्हाई. त्यानं मला, धाकट्याला, हात पसरून तुला परत मागितलं. लोकांना दिसू न्हाई म्हणून आत. मी त्याचा पंजा मिटवला, हो म्हणून दाबला, मगच त्यानं हात बाहेर काढला."

काका उठले, धोतराला हात पुसले आणि परत ज्वारीत शिरले.